काळा दिसला म्हणून बेसाल्ट?

महाराष्ट्रात भूशास्त्र शिकवण्यात एक मोठी सोय आहे आणि तीच मोठी अडचणही आहे. सोय अशी की कॉलेजच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं की खडक समोरच असतो. अडचण अशी की तो बहुतेक वेळा एकच असतो, बेसाल्ट, म्हणजे निवून घट्ट झालेला काळा लाव्हा. घाट बेसाल्टचा, किल्ला बेसाल्टचा, रस्त्याची खडी बेसाल्टची. दख्खनचा लाव्हा आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्यावर लहानाची मोठी झालेली मुलं एम.एस्सी.ला येईपर्यंत अशी तयार झालेली असतात की काळा, कठीण, बारीक कणांचा कुठलाही दगड दिसला की तोंडातून आपोआप एकच नाव निघतं. गंमत म्हणजे आपल्याकडे ते बहुतेकदा बरोबरही निघतं, त्यामुळे सवय मोडायला कारणच मिळत नाही. म्हणून फील्ड टूर राज्याबाहेर काढायचा माझा हट्ट असतो. दरवर्षी त्यासाठी परवानग्यांचे किती कागद फिरवावे लागतात तो विषय वेगळा.

त्या वर्षी आम्ही उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवर जायचं ठरवलं. मालप्याच्या किनाऱ्यासमोर समुद्रात चार मुख्य बेटं आहेत. त्यातल्या कोकोनट आयलंडवर दगडी स्तंभांचं सगळ्यात देखणं रूप दिसतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ज्या जागांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे, त्यातली ही एक. कर्नाटकात असा दर्जा मिळालेल्या जागांमध्ये बेंगळुरूच्या लालबागेतला नाइसचा, म्हणजे उष्णतेने-दाबाने बदललेल्या पट्टेदार खडकाचा, उंचवटाही आहे. पण लालबागेत माणसं फुलं बघायला जातात आणि त्या अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या दगडावर बसून भेळ खातात. सेंट मेरीला निदान दगड बघायला म्हणून लोक येतात.

वाट मात्र मी मुद्दाम वाकडी ठेवली होती. आधी कोल्हापूर, तिथून पन्हाळ्याच्या बाजूला बांदिवड्याचे स्तंभ, मग आंबोली उतरून सावंतवाडी, गोवा, कारवार आणि उडुपी. बांदिवड्याला मुलं खूश झाली. अंधेरीची गिल्बर्ट हिल त्यातल्या काहींनी पाहिली होती. साठेक मीटर उंचीचा तो उभ्या खांबांचा कातळ, भोवती इमारतींची दाटी आणि माथ्यावर देऊळ. बांदिवड्याला तसेच खांब मोकळ्या माळावर, हात लावून बघता येतील असे. सगळ्यांनी चित्रं काढली, बाजू मोजल्या, वहीत 'स्तंभाकार बेसाल्ट' असं लिहिलं. ते बरोबरच होतं. परतताना एका खाणीतून आमच्या वर्गातल्या एका पठ्ठ्याने नारळाएवढा बेसाल्टचा धोंडा उचलून पाठपिशवीत टाकला. कशाला रे, म्हटलं, तर म्हणाला, "ताजा तुटलाय मॅडम, एकही पोकळी नाही. डिपार्टमेंटला ठेवू." असे ताजे तुकडे विभागाच्या कपाटात पोत्याने पडलेत, पण त्याचा उत्साह बघून गप्प बसले.

आंबोलीपर्यंत बेसाल्टने साथ दिली. घाट उतरलो आणि बसच्या खिडकीतून दिसणारं जग बदलायला लागलं. लाल जांभा, त्याच्या खाली मधूनच डोकावणारे जुने, दाबाने पिळवटलेले खडक, पुढे गोव्यात आणि कारवारकडे नाइस आणि ग्रॅनाइट. मी माइकवरून सांगितलं, "वहीत नोंद करा, बेसाल्ट कुठे संपला." मुलांनी नोंद केली आणि डोकी टेकून झोपली. ही नोंद दुसऱ्या दिवशी कामाला येणार होती, पण ते त्यांना कसं सांगणार?

सकाळी मालप्याच्या धक्क्यावर सगळ्यांचे हातोडे गोळा करून बसमध्ये कुलपात टाकले. स्मारकावरचा दगड फोडायचा नाही, तुकडा उचलून आणायचा नाही. इथे तेवढी एकच शिस्त, पण मुलांचे चेहरे उतरले. "हातोड्याशिवाय ताजा पृष्ठभाग कसा बघायचा?" हा प्रश्न रास्त होता. हवेने-पाण्याने खडकाच्या अंगावर जी साल चढते ती खडकाचा खरा रंग लपवते, आणि ती फोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, हे मीच त्यांना पहिल्या वर्षापासून घोकून घेतलं होतं. "डोळे आहेत, लेन्स आहे, टेप आहे, कल मोजायला ब्रंटन होकायंत्र आहे. तेवढ्यावर सांगा," म्हटलं.

पावसाळ्यात ही फेरी बंद असते. आम्ही गेलो ते हिवाळ्याचे दिवस, समुद्र शांत होता. मालप्याचं मच्छिमारी बंदर मागे पडलं, अर्ध्या तासाच्या आत बेट समोर आलं. मोठी बोट खडकांमुळे अगदी काठाला नेता येत नव्हती, म्हणून शेवटचा टप्पा लहान बोटीतून. बोट चालवणारा तांडेल आपल्या माणसांशी तुळू बोलत होता, आमच्याशी कोकणी मिसळलेल्या हिंदीत. त्याने पोरांना एकच गोष्ट तीनदा सांगितली: पश्चिमेकडच्या दगडांवर शेवाळ आहे, लाट आली की पाय निसटतो, शिट्टी वाजली की मागे फिरायचं. शिकवून इतकी वर्षं झाली तरी एवढी स्पष्ट सूचना मला देता येत नाही.

बेट म्हणजे काय? लांबी अर्धा किलोमीटर, रुंदी शंभर मीटरच्या आसपास, मधोमध माड. वाळू जवळपास नाहीच. जिथे पुळण असावी तिथे शिंपल्यांचा जाड थर, पायाखाली करकर वाजणारा. आणि बाकी सगळीकडे स्तंभ. काही उभे, काही थोडे कललेले, काहींचे माथे एका पातळीत झिजून जमिनीवर बहुकोनी फरशी घातल्यासारखे दिसणारे. एकेका स्तंभाची जाडी वीत-दीड वीत, क्वचित जास्त. उंच ठिकाणी पाच-सहा मीटरपर्यंत उभे. पाण्याच्या कडेला त्यांच्या फटींमधून लाट आत शिरते आणि माथ्यांमधल्या खळग्यांत पाणी सोडून जाते. त्या डबक्यांत खेकड्यांची पिल्लं तिरकी पळत होती. मुलांनी पहिली वीस मिनिटं फोटो काढण्यात घालवली. घालवू दिली. जी व्यक्ती अशा जागी आल्या आल्या वही उघडते तिच्यावर माझा विश्वास नसतो.

मग गट पाडले. एका गटाने एक मीटरचा चौकोन आखून त्यात येणाऱ्या स्तंभांच्या बाजू मोजायच्या, दुसऱ्याने कलाची दिशा, तिसऱ्याने जाडी, चौथ्याने लेन्स लावून खनिजं. बाजू मोजणाऱ्यांना षट्कोन आणि पंचकोन भरपूर सापडले, थोडे चौकोन, थोडे सप्तकोन. एक मुलगी नाराज झाली: "सगळे षट्कोनच असतात असं वाचलं होतं." तिला म्हटलं, तुझ्या मोजणीवर विश्वास ठेव. तप्त लाव्हा पृष्ठभागापासून निवत आत जातो, निवताना आकसतो, आकसताना ताण येतो आणि भेगा पडतात. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या गाळावर जशा भेगांची जाळी दिसते, तसंच काहीसं. फरक एवढाच की तिथे पाणी जातं, इथे उष्णता. वरच्या थरात भेगा एकमेकींना काटकोनात छेदतात. पण निवण्याची सीमा जसजशी आत सरकते तसतशा त्याच भेगा खाली उतरताना आपली जागा दुरुस्त करत जातात, आणि तीन भेगा एका बिंदूत सारख्या कोनात भेटू लागतात. म्हणून आत गेल्यावर षट्कोनांकडे कल होतो. कल होतो, नियम होत नाही. भेगा कायम निवणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात वाढतात, त्यामुळे स्तंभ कुठे कलले आहेत ते पाहून लाव्हा कुठल्या बाजूने निवला असेल त्याचा अंदाज बांधता येतो. आणि जितकं सावकाश निवणं, तितके जाड स्तंभ.

हे सगळं सुरळीत चाललं. घोळ पुढे झाला.

माडांच्या सावलीत बसून मी वह्या चाळायला घेतल्या. पहिली वही: 'स्तंभाकार बेसाल्ट'. दुसरी: तेच. तिसरी, चौथी, सातवी... सगळ्या वर्गाने न बोलता एकमताने ठराव पास केलेला. मी विचारलं, "कशावरून?" पाठपिशवीवाल्या पठ्ठ्याने उत्तर दिलं, कारण वर्गात उत्तर तोच देतो. "मॅडम, बांदिवड्याला हेच पाहिलं ना परवा. काळा आहे, बारीक कणांचा आहे, स्तंभ आहेत. अजून काय पाहिजे?" एवढ्यावर न थांबता त्याने मोबाइल काढला. बेटावर रेंज येत होती, हे माझं दुर्दैव. एकापाठोपाठ एक तीन-चार पानं त्याने मला दाखवली, सगळीकडे ठळक अक्षरांत बेसाल्ट. पर्यटनाच्या माहितीत, बातम्यांत, प्रवासवर्णनांत, सर्रास. "इतके लोक चुकतील का?"

इतके लोक चुकतात, आणि आमच्या विषयात तर नेहमीच, पण हे सांगून काही उपयोग नसतो. मी एवढंच म्हटलं की स्तंभ निवण्याने तयार होतात, खडकात सिलिका, म्हणजे वाळूतलं मुख्य द्रव्य, किती आहे ते स्तंभ बघत नाहीत. अमेरिकेतला डेव्हिल्स टॉवर अवाढव्य स्तंभांचा आहे आणि तो फोनोलाइट नावाच्या वेगळ्याच ज्वालामुखी खडकाचा आहे. आयर्लंडचा जायंट्स कॉजवे बेसाल्टचा आहे. म्हणजे स्तंभ हा पुरावा बाद. राहिला रंग. रंग सालीचा की आतला?

लेन्स घेऊन पुन्हा सगळे दगडाला भिडले. एका ठिकाणी स्तंभाचा कोपरा आपणहून निखळला होता आणि त्या जागी बऱ्यापैकी ताजा चेहरा दिसत होता. गडद राखाडी, किंचित काचेसारखी चमक, त्यात पांढुरके प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पार गटातल्या खनिजाचे दाणे, काही एकटे, काही घोळक्याने. घोळक्यांत पायरॉक्सिन हे काळसर खनिज. "बेसाल्टमध्येही प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिनच असतं," पठ्ठ्या म्हणाला. हेही खरं. आणि इथेच हा खडक माणसाला फसवतो. त्यात जास्तीची सिलिका आहे, पण ती मोठ्या, ओळखू येतील अशा क्वार्ट्झच्या, म्हणजे गारेच्या, दाण्यांत नाही. ती मोठ्या दाण्यांच्या भोवतालच्या बारीक मुळद्रव्यात, क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार एकमेकांत गुंतलेल्या रूपात आहे, जे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं आणि बेटावर उभं राहून दिसत नाही. मी उत्तर सांगून टाकलं असतं तर विषय दोन मिनिटांत संपला असता. पण मुलांनी माझ्या शब्दावर ते वहीत लिहिलं असतं, जसं मोबाइलच्या शब्दावर लिहिलं होतं. त्यात फरक तो काय?

इतका वेळ गप्प बसलेली एक मुलगी होती, मालवणकडची. ती म्हणाली, "मॅडम, काल बसमध्ये लिहिलंय ना आपण, बेसाल्ट आंबोलीला संपला. मग तो परत इथे समुद्रात कसा आला?" 

थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. मग पठ्ठ्याने मार्ग काढला: तुकडा तुटून राहिला असेल, मधला झिजून गेला असेल. वाईट तर्क नव्हता. दख्खनचे तसे सुटे तुकडे असतातही. पण समोरच्या किनाऱ्यावर सगळीकडे नाइस आणि त्यावर जांभा, आणि बेटांवर मात्र हा काळा लाव्हा. प्रश्न अडला होता, आणि वर्गाला तो अडलाय हे पहिल्यांदाच जाणवत होतं. मला बरं वाटलं.

"स्टीलयार्ड असता तर घनता काढली असती," तीच मुलगी म्हणाली. प्रयोगशाळेत खनिजांची घनता काढायला आम्ही वॉकरचा स्टीलयार्ड वापरतो. लोखंडी दांडी, खाचा, वजन सरकवायचं. तो कोण बेटावर आणणार? तेवढ्यात मामांनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या मदतनिसांनी, आपल्या पिशवीतून तानकाटा, म्हणजे स्प्रिंगचा लटकता वजनकाटा, काढला. सुट्या नमुन्यांचं वजन जागच्या जागी कळावं म्हणून तो त्यांच्याकडे कायम असतो. बावीस वर्षं विभागात काढलेल्या माणसाला कुठल्या टूरला काय लागेल ते प्राध्यापकापेक्षा जास्त कळतं.

आता हा प्रयोग बघण्यासारखा झाला. बेटावरचा दगड फोडायचा नाही, पण लाटांनी घोळलेला एखादा सुटा गोटा जागेवरच वजन करून परत ठेवायला हरकत नव्हती. गोटा निवडण्यावरूनच वाद. एकाला भेग होती, एकावर शिंपले चिकटले होते. शेवटी मुठीपेक्षा जरा मोठा, घट्ट, पोकळी नसलेला एक मिळाला. मामांनी त्याला सुतळीचा फास घातला, तो दोनदा निसटला, तिसऱ्यांदा आडवा-उभा गुंडाळून बसला. हवेत वजन ६४० ग्रॅम. मग पाण्यात. बादली नव्हती, पण स्तंभांच्या माथ्यावरची डबकी होती. खोलसं एक डबकं बघून गोटा त्यात असा सोडला की तळाला टेकणार नाही आणि कडेला लागणार नाही. काट्याचा दांडा थरथरत होता, वरून कुणाची तरी सावली पडत होती, सगळे एकमेकांवर ओरडत होते. ३९५ ग्रॅम. म्हणजे पाण्यात वजन २४५ ग्रॅमने घटलं, आणि जेवढं घटलं तेवढंच गोट्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. ६४० भागिले २४५, २.६१. "थांबा, हे खारं पाणी आहे," मागून कुणीतरी ओरडलं. शाबास! समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ धरली. उत्तर आलं २.६८.

"बेसाल्टची किती असते?" मी विचारलं. पुस्तकातला आकडा सगळ्यांना पाठ होता, २.९ च्या आसपास. पण पाठ आकड्यावर पठ्ठ्याचा विश्वास नव्हता. "हा काटाच कमी दाखवत असेल." आणि मग त्यानेच, कुणी न सांगता, पाठपिशवीत हात घालून तो कोल्हापूरचा धोंडा बाहेर काढला. तीन दिवस तो वाहून आणला होता! धोंडा मोठा होता, पण बाजूला एक सुटी कपची निघाली होती. तीच सुतळी, तोच काटा, तेच डबकं. हवेत ५८० ग्रॅम, पाण्यात ३८०. भागाकार २.९, खाऱ्या पाण्याचा हिशेब धरून २.९७.

तो दोन्ही दगड दोन हातांत घेऊन उभा राहिला. रंग जवळजवळ एकच.

हवा-पाण्याने कुजलेला किंवा पोकळ्यांनी भरलेला बेसाल्टही हलका भरतो, म्हणून एका गोट्यावर खडकाचं नाव ठरत नाही, हे मी लगेच सांगितलं. पण दोन्ही तुकडे घट्ट, दोन्ही एकाच काट्यावर, आणि फरक एवढा ढळढळीत. आता मी बोलायला हरकत नव्हती. हा खडक रायोलाइट ते रायोडॅसाइट या जातीचा आहे. बेसाल्टमध्ये सिलिका वजनाने ४५ ते ५२ टक्के असते, या मंडळींमध्ये ती त्याहून बरीच वर जाते. सिलिका वाढली की लोह-मॅग्नेशियमची जड खनिजं कमी होतात आणि खडक हलका होतो. एरवी असे खडक फिकट दिसतात, गुलाबी, पांढुरके, करडे. इथे मुळद्रव्य बारीक आणि काचेरी असल्यामुळे काळपट दिसतं, आणि काळा दगड म्हणजे बेसाल्ट हे गणित जिथे बसलेलं, तिथे पंचाईत होते.

मग वय. दख्खनचा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. हा खडक वेगवेगळ्या किरणोत्सारी पद्धतींनी तपासला गेला आहे आणि वय साधारण साडेआठ ते सव्वानऊ कोटी वर्षांच्या दरम्यान येतं. म्हणजे सह्याद्रीतला पहिला लाव्हा वाहायच्या आधी इथे सुमारे दोन कोटी वर्षं तरी हा थंड होऊन पडला होता. दख्खनशी त्याचं नातंच नाही. नातं आहे ते मादागास्करशी. त्या काळात मादागास्कर आपल्या पश्चिम किनाऱ्याला चिकटलेलं होतं, आणि दोन्ही भूभाग मिळून विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला होते. मग जमीन ताणली गेली, फाटली, त्या फाटण्याबरोबर लाव्हा वर आला. मादागास्करमध्ये त्याच सुमाराचा ज्वालामुखी खडक मोठ्या प्रमाणावर आहे. आपल्या बाजूला त्या घटनेची जी थोडी चिन्हं उरली त्यात ही बेटं. खडक निवताना त्यातल्या चुंबकीय खनिजांनी पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पकडून ठेवली. तिच्यावरून तो कुठल्या अक्षांशावर निवला ते काढता येतं, आणि भारत-मादागास्कर एकमेकांना लावून ठेवले की दोन्हीकडचे आकडे जुळतात. मादागास्कर सुटल्यावर आपला किनारा पुन्हा एकदा फाटला, दख्खनच्या लाव्ह्याच्या आगेमागे, आणि त्या वेळी सेशेल्स गेलं. नकाशात आज जो सरळसोट पश्चिम किनारा दिसतो तो असा दोनदा फाटून झाला.

मी नैर्ऋत्येकडे हात करून सांगितलं, मादागास्करचं सगळ्यात जवळचं टोक आता इथून चार हजार किलोमीटरच्या आसपास आहे. पोरं खरंच तिकडे बघत राहिली, दिसणार असल्यासारखी. पठ्ठ्या मात्र काट्याकडे बघत होता.

मध्येच एक कुटुंब आमच्याजवळ येऊन थांबलं. पुण्याकडचं असावं. त्यातल्या आजोबांनी मामांना विचारलं, "काय हो, हे कुठल्या राजाने बांधलं?" प्रश्नात वेडेपणा काही नव्हता. समोर एकसारखे खांब, माथ्यावर फरशी, आणि शेजारच्या बेटाचं नाव दर्याबहादूरगड. कुणालाही वाटेल. शिवाय १४९८ मध्ये वास्को द गामा इथे उतरला आणि त्याने बेटाला मेरीचं नाव दिलं ही कथा तांडेलाने त्यांना येतानाच ऐकवली होती. मामांनी मालवणच्या मुलीकडे बोट दाखवलं. तिने आजोबांना खाली बसवलं, तीन भेगा एका बिंदूत कशा भेटतात ते बोट फिरवून दाखवलं, आणि मग अतिशय गंभीरपणे म्हणाली, "आजोबा, बेसाल्ट नाही हं हा." आजोबांना बेसाल्टशी काही देणं-घेणं नव्हतं. त्यांनी ते वाक्य आपल्या नातवाला जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्यामागच्या दोन स्तंभांवर कुणीतरी खिळ्याने नावं कोरली होती, एक बदामही. आम्हाला हातोडा आणू न देणारा नियम बरोबर आहे, पण खिळ्याचं काय करायचं ते कुणी ठरवायला हवं.

गोटा परत ठेवायचा होता. नेमका कुठून उचलला त्यावर पुन्हा वाद. फोटो काढलेला होता म्हणून निभावलं. कोल्हापूरची कपची मात्र मी काळजीपूर्वक परत पिशवीत घालायला लावली, ती तिथे पडली असती तर पन्नास वर्षांनी एखाद्या विद्यार्थ्याने 'सेंट मेरी बेटावर बेसाल्ट सापडला' म्हणून शोधनिबंध लिहिला असता. शिट्टी वाजली, भरती सुरू झाली होती, पश्चिमेकडून सगळे मागे फिरले. एका मुलाचा बूट शेवाळावरून सरकून डबक्यात गेला, बाकी नुकसान नाही.

टूरहून आल्यावर विभागात स्लाइडींचा जुना संग्रह उघडला. त्यात माझ्या आधीच्या प्राध्यापकांच्या काळातली सेंट मेरीच्या खडकाची एक पातळ चकती आहे. ध्रुवीकृत प्रकाशात ती फिरवली की बारीक मुळद्रव्यात क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारची गुंतवळ दिसते. बेसाल्टच्या स्लाइडमध्ये ती दिसत नाही. पठ्ठ्याने दोन्ही स्लाइडी आलटून पालटून इतका वेळ बघितल्या की मागच्या रांगेतून तक्रार आली. बघून झाल्यावर त्याने नवा मुद्दा काढला: फाटण्याच्या जागी वर येतो तो बहुतेक बेसाल्टचा लाव्हा, मग इथे एवढ्या सिलिकेचा कसा? त्याला म्हटलं, बेसाल्टी रस खाली साठून हळूहळू निवताना जड खनिजं वेगळी पडली की उरलेला रस सिलिकेने श्रीमंत होतो. किंवा त्या उष्णतेने वरचं कवचच वितळतं. दोन्हीचं रसायन वेगळं येतं. पुढच्या सत्राचा सेमिनार तुझा. तो म्हणाला, "चालेल, पण मॅडम, मोबाइलवरची पानं दुरुस्त कशी करायची ते आधी सांगा." एका पानावर त्याने स्वतःच लिहून कळवलं. उत्तर आलं नाही.

जर्नल तपासताना त्याची वही हातात आली. फील्ड वहीत खोडरबर चालत नाही, चुकीच्या नोंदीवर एकच रेघ मारायची, वाचता आली पाहिजे अशी. 'स्तंभाकार बेसाल्ट' वर तशी रेघ होती, खाली 'रायोडॅसाइट?' असं प्रश्नचिन्हासह, आणि त्याखाली दोन्ही घनता व्यवस्थित तक्त्यात. प्रश्नचिन्हाबद्दल मी पूर्ण गुण दिले. तानकाट्याचं लघुतम माप, म्हणजे तो कमीत कमी किती ग्रॅमचा फरक दाखवतो ते, मात्र कुठेच लिहिलं नव्हतं. त्याचा अर्धा गुण कापला. तो त्यावर अजून भांडतोय.